न घेतलेलं औषध

उंदरांना किरणं देण्याआधी एक औषध टोचायचं आणि मग त्यांचं काय होतं ते पाहायचं, हे माझं गेल्या कित्येक वर्षांचं काम. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत मी वैज्ञानिक सहायक आहे. औषध म्हणजे ई जीवनसत्त्वापासून बनवलेलं, पाण्यात विरघळणारं एक संयुग. किरणांनी रक्तपेशी मरतात, आतड्याचं अस्तर सोलवटतं. हे नुकसान या संयुगामुळे कमी होतं का, एवढाच आमचा प्रश्न. उंदरांमध्ये थोडंफार होतं. माणसांत होतं का, ते आम्ही सांगू शकत नाही.

पुढे मला स्तनाचा कर्करोग झाला आणि किरणं मलाच घ्यावी लागली. माझं काम घरात आणि नात्यात सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे माझं आजारपण इतर बायकांसारखंच असूनही एका बाबतीत वेगळं झालं. ज्याला त्याला वाटायचं, हिच्याकडे तर औषध आहे. त्याबद्दलच लिहायचं आहे. किरणांच्या उपचाराला सामोरं जाणाऱ्या कुणाला यातून थोडा आधार मिळाला तर बरं. थकवा अजून गेलेला नाही, म्हणून थांबत थांबत लिहिते आहे. कुठे विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

रिपोर्ट

गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट आणायला मी आणि माझा नवरा हेमंत माणिकपूरला गेलो होतो. मी लॅबमधून बाहेर आले तेव्हा तो शेअर रिक्षाच्या रांगेत उभा होता. मी चालता चालताच पाकीट उघडलं. आतले शब्द माझ्या रोजच्या वाचनातले, त्यामुळे समजायला वेळ लागला नाही. उलट, थोडा वेळ लागला असता तर बरं झालं असतं असं वाटलं.

आमचा नंबर आला. रिक्षात शेजारी एक बाई होत्या, मांडीवर शाळेतून आणलेली नात आणि पायाशी भाजीची पिशवी. हेमंतने विचारलं, काय लिहिलंय. मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगते. त्यानंतर त्याने काही विचारलं नाही. चांगलं काही असतं तर मी तिथेच सांगितलं असतं, हे त्याला कळलं. त्या बाई मला सरकून बसायला सांगत होत्या, नात माझ्या ओढणीच्या गोंड्याशी खेळत होती, आणि आम्ही दोघं दोन बाजूंना बघत घरापर्यंत आलो.

आमचं घर वसई पश्चिमेला, वाडीत. केळी, थोडी पानवेल, आणि सासूबाईंची चाफ्याची झाडं. आम्ही आलो तेव्हा त्या ओट्यावर बसून केळीच्या पानात फुलं बांधत होत्या. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी जेवून घ्या दोघं." मी पानावर बसले आणि जेवलेही. असं वाढून ठेवलेलं ताट समोर येणं ही किती मोठी गोष्ट असते, ते मला त्या वर्षात पुष्कळदा कळलं.

ऑपरेशन झालं, मग केमो. त्याबद्दल बऱ्याच जणींनी माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं आहे. केस गेले, चव गेली. पुण्याला शिकणारी मुलगी परीक्षा सोडून यायला निघाली होती, तिला मी ओरडून थांबवलं आणि नंतर न्हाणीघरात जाऊन रडले. केमो संपली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता फक्त किरणं राहिली. ‘फक्त’ या शब्दाने हेमंतला धीर आला. मला आला नाही. किरणं काय करतात ते मी रोज पाहत होते.

हेमंतचं म्हणणं

हेमंत सहकारी बँकेत आहे. शांत माणूस, बोलतो कमी. किरणं सुरू व्हायच्या आधी एका संध्याकाळी तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "तुमच्याकडचं ते औषध थोडं आणता येईल का?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. सासूबाईंनी आडून विचारलं होतं, नणंदेने फोनवर सरळच विचारलं होतं. त्यांना मी हसून उडवून लावलं. हेमंतला तसं करता येईना. ते उंदरांसाठी बनवलेलं आहे, माणसाला द्यायचं तर त्याची शुद्धता वेगळी लागते, परवानग्या लागतात, असं मी सांगितलं. ते त्याला फारसं पटलं नाही. मग मी खरी अडचण सांगितली. किरणं मुळात देतात कशासाठी, तर गाठीच्या उरल्यासुरल्या पेशी मारायला. आमचं संयुग पेशींना किरणांपासून वाचवतं. ते माझी कातडी वाचवील, तसंच त्या पेशींनाही वाचवील. नाही वाचवणार असं कशावरून म्हणायचं?

"आणि वाचवीलच असं तरी कशावरून?"

"माहीत नाही. तेच तर अजून माहीत नाही."

तो म्हणाला, "एवढी वर्षं त्यात घालवलीस. सकाळी अंधारात निघायचीस. आणि स्वतःवर वेळ आल्यावर माहीत नाही म्हणतेस?"

तो रागाने बोलला नव्हता, पण मला ते लागलं. त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या ताटाशेजारी ई जीवनसत्त्वाच्या हिरव्या गोळ्यांचं पाकीट होतं. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात त्या. मी ते डॉक्टरांना दाखवलं. त्यांनीही हेच सांगितलं, की किरणं चालू असेपर्यंत असलं काही मनाने घ्यायचं नाही, विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. हेमंतने पाकीट उचलून कपाटात टाकलं. त्या विषयावरचं बोलणं संपलं. त्याबरोबर इतरही बरंच बोलणं संपलं. चहा हवा का, रिक्षा सांगू का, एवढंच उरलं.

मला मोह झाला नाही असं कुणी समजू नये. रजेवर जाण्याआधी शेवटचं काम आवरायला मी संस्थेत गेले होते. फ्रिज उघडला. तपकिरी बाटली माझ्याच अक्षरातली चिठ्ठी लावून समोर उभी होती. फ्रिजचं दार उघडं राहिलं की शिटी वाजते. ती वाजायला लागेपर्यंत मी बाटलीकडे बघत होते. मग दार लावलं आणि आमच्या विभागप्रमुख मॅडमना फ्रिजची चावी देऊन आले. निघताना त्यांनी फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला.

बाकावर

किरणांचं हॉस्पिटल गोखिवऱ्याच्या बाजूला. सोमवार ते शुक्रवार रोज जायचं. अंगावर मार्करने खुणा केलेल्या असतात, त्या पुसायच्या नाहीत, तिथे साबण लावायचा नाही. गाऊन घालून थंडगार खोलीत हात डोक्यावर धरून निजायचं. सगळे बाहेर जातात. जाड दार बंद होतं. यंत्र गुणगुणतं, आपल्याभोवती फिरतं, दुखत काहीच नाही. काही मिनिटांत आपण बाहेर येतो. नवीन माणसाला वाटतं, एवढंच? खरं काय ते दोन-तीन आठवड्यांनी कळतं. कातडी काळवंडते. काखेत आणि स्तनाखालच्या घडीत ती सुटायला लागते. आणि थकवा. तो झोपून जात नाही. आंघोळ करून आलं की परत बसावं लागतं. कुणी हाक मारली तर ‘ओ’ देण्याआधी विचार करावा लागतो.

उपयोगी पडेल म्हणून सांगते. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती साडीची सैल झबली सासूबाईंनी मला शिवून दिली. दुकानातल्या कुठल्याही कपड्यापेक्षा त्या झबल्यांनी मला जास्त सुख दिलं.

यमुनाबाई मला बाहेरच्या बाकावर भेटल्या. जूचंद्र गावच्या. नवऱ्यामागे भातशेती आणि मुलगी, दोन्ही एकटीने सांभाळलेली बाई. मशेरी लावायच्या सवयीने गालाच्या आत रोग झाला होता. ऑपरेशन होऊन आता किरणं. तोंडाच्या रुग्णाला चेहऱ्याच्या मापाची प्लास्टिकची जाळी घालून टेबलाला जखडतात, मान हलू नये म्हणून. त्या बाहेर आल्या की कपाळावर, गालांवर जाळीचे वळ असायचे. त्याही अवस्थेत शेजारच्याची चौकशी करायच्या. मला त्यांनी पहिल्याच दिवशी ‘बाय’ केलं आणि अरेतुरेवर आल्या. कुठली, मुलं किती, घरी कोण, सगळं विचारून झाल्यावर कामाचंही विचारलं. मी सांगितलं. उंदीर, किरणं, औषध. त्यांना गंमत वाटली. सोबत आलेल्या मुलीला, वनिताला, त्यांनी ते पुन्हा ऐकवलं.

मी ते सांगायला नको होतं असं नंतर वाटलं.

तिसऱ्या आठवड्यानंतर यमुनाबाईंचं बोलणं कमी होत गेलं. तोंड आतून सोललं होतं. भाताची पेजही गिळवत नव्हती. पदराखाली रुमाल धरून बसायच्या, लाळ गळायची. एके दिवशी त्या आत गेल्यावर वनिता माझ्याजवळ सरकली. हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, तुमच्याकडचं ते औषध आईला थोडं द्या ना. कोनाला नाय सांगनार आम्ही."

मी तिला सगळं समजावलं. हेमंतला सांगितलं होतं तेच, आणखी सोपं करून. तिने ऐकून घेतलं. मान हलवली. पण यमुनाबाई बाहेर आल्या तेव्हा वनिताने त्यांच्याकडे पाहून नकाराची मान हलवली, आणि माझ्या लक्षात आलं की विचारायला तिला आईनेच लावलं होतं. यमुनाबाई माझ्याकडे न बघता निघून गेल्या. मी नकार दिला तो बरोबरच होता. तरी त्या दिवशी परतताना माझे पाय उचलत नव्हते.

जूचंद्र

पुढच्या सोमवारी त्या आल्या नाहीत. मंगळवारीही नाही. मी तंत्रज्ञाला विचारलं. तो म्हणाला, फोन उचलत नाहीत. मध्येच सोडणं चांगलं नाही, एवढंच तो बोलला. बाकीचं मला ठाऊक होतं. मधे खंड पडला की उरलेल्या पेशींना उसंत मिळते.

त्या दिवशी मला सोडायला हेमंत आला होता. गाऊन बदलून मी बाहेर आले आणि त्याला म्हटलं, मला जूचंद्रला जायचं आहे. कशाला, ते सांगितलं. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत म्हणाला, तुला तर उभं राहवत नाहीये. मी म्हटलं, म्हणून तर तू चल.

घर शोधायला त्रास पडला नाही. देवळाच्या डोंगराच्या पायथ्याशी, यमुनाबाईंनी बाकावर बसून वर्णन केलं होतं तिथेच. आजूबाजूला नव्या इमारती, मधे यांचं बैठं घर. यमुनाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. समोर पितळी तांब्या, त्यात पाणी तसंच. चेहरा इतका उतरला होता की मला आधी ओळखूच आल्या नाहीत. वनिता दारातच उभी राहिली. म्हणाली, "औषध नाय दिलंत. आता काय सांगायला आल्यात?"

रिक्षात मी काय काय बोलायचं ते ठरवून आले होते. त्यातलं एकही वाक्य मला आठवेना. काखेत आग होत होती, डोकं हलकं झालं होतं. मी दाराच्या चौकटीला टेकले. आणि माझ्या मागून हेमंत बोलायला लागला.

"मीही मागितलं होतं तिच्याकडे," तो वनिताला म्हणाला. "नवरा असून मला नाही दिलं. स्वतः नाही घेतलं. तिची काख बघा, कशी सोलली आहे. देण्यासारखं असतं तर आधी तिनेच घेतलं नसतं का? ते किरणांपासून वाचवतं, पण कुणाला वाचवील ते अजून कुणाला कळलेलं नाही. आपल्या माणसाला की त्याच्या रोगाला. हे कळत नसताना ती कशी देईल?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. इतके दिवस मला वाटत होतं, मी सांगितलेलं त्याने ऐकलंच नाही. तो माझेच शब्द बोलत होता, आणि माझ्यापेक्षा बरे बोलत होता.

वनिता बाजूला झाली. आम्ही आत जाऊन बसलो. मग मला थोडं बोलता आलं. तोंडाला बधिर करणारं औषध मिळतं, दुखणं थांबवायला जोरकस औषध पातळ स्वरूपात मिळतं, आणि अगदीच गिळता येत नसेल तर काही दिवस नाकातून नळी घालून पोटात अन्न देतात, हे सांगितलं. नळीचं नाव काढताच यमुनाबाईंनी मान फिरवली. ओठ हलवत, एकेक शब्द सोडत त्या म्हणाल्या, "नळी घातली ना बाय, मानूस घरी येत नाय. माजा मानूस नाय आला."

त्या हॉस्पिटलला का येत नव्हत्या ते मला तेव्हा समजलं. दुखणं होतंच. पण खाणं बंद झालेलं डॉक्टरांना कळलं तर ते नळी घालतील, याची जास्त भीती होती. त्यांच्या नवऱ्याला शेवटी शेवटी नळी घातली होती. त्याचा आजार वेगळा होता, वेळ वेगळी होती, हे मी सांगितलं. खात्री देता येईल असं माझ्याजवळ काही नव्हतं. औषध नव्हतंच. शेवटी एवढंच म्हटलं, नळी घालताना मी तुमच्याजवळ बसते. काढतील तेव्हाही येते.

त्या हो म्हणाल्या नाहीत. आम्ही उठलो तेव्हा वनिताने हेमंतला विचारलं, उद्या किती वाजता जायचं.

परतताना रिक्षात हेमंत माझी पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. माझा दुखरा हात जपून त्याने दुसऱ्या बाजूने मला टेकायला खांदा दिला. आम्ही बोललो नाही, पण पूर्वीचं न बोलणं वेगळं होतं.

दुसऱ्या दिवशी यमुनाबाई आल्या. डॉक्टरांनी दोन दिवस किरणं थांबवली, दुखण्याची औषधं सुरू केली आणि नळी घातली. त्या वेळी त्यांनी माझं मनगट असं धरलं होतं की नखांच्या खुणा राहिल्या. झाल्यावर डोळे उघडले, आपण जिवंत आहोत याची खात्री करून घेतली आणि माझ्याकडे रागाने पाहिलं. मला हसू आलं. खूप दिवसांनी.

नंतर

माझी किरणं आधी संपली, त्यांची नंतर. नळी निघाली त्या दिवशी मी गेले होते. शेवटच्या दिवशी लोक फोटो काढतात, पेढे वाटतात. आम्ही दोघींनी तसलं काही केलं नाही. इच्छा नव्हती असं नाही, ताकद नव्हती.

ज्यांचं अजून चालू आहे त्यांना एक सांगायला हवं. किरणं संपली म्हणजे त्रास त्या दिवशी संपत नाही. पुढचे काही दिवस कातडी आणखी बिघडते, मग सावरते. घरचे लोक मात्र आपण बरे झालो असं धरून चालतात. त्यात त्यांची चूक नाही, तेही दमलेले असतात. माझ्या सासूबाई एकदा म्हणाल्या, आता तरी वाडीत चक्कर मारत जा. मी विहिरीपर्यंत गेले आणि कठड्यावर बसून राहिले, कुणीतरी न्यायला येईपर्यंत. थकवा दिसत नाही, म्हणून तो सांगावा लागतो. सांगायची लाज वाटू देऊ नका.

मी कामावर परत गेले आहे, आठवड्यातून थोडेच दिवस. संशोधन चालू आहे. संयुग माणसाला द्यायच्या टप्प्याच्या अजून पुष्कळ अलीकडे आम्ही आहोत. माझ्या आजारपणाने त्यात काही भर पडलेली नाही. पुढच्या तपासण्या आतापर्यंत ठीक आल्या आहेत. दर वेळी रिपोर्ट यायच्या आधीचे दिवस मात्र तसेच जातात.

मागच्या आठवड्यात यमुनाबाईंना भेटायला गेले होते. हेमंतला नायगावला काम होतं, तो मला सोडून पुढे गेला. त्यांचं तोंड कोरडं पडतं, जवळ पाण्याची बाटली ठेवून घोट घोट पितात. तिखट अजून लागतं, पण मऊ भात खातात. त्यांनी विचारलं, बाय, तुमचं ते औषध कवा येनार? मी खरं तेच सांगितलं. माहीत नाही. येईल की नाही तेही माहीत नाही, आणि आलं तरी आपल्या वेळेला नसेल.

त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "येवढी दमलेली दिसतेस, आनि माज्याशी बोलत काय बसलीस? पड जरा."

मी नको म्हणत होते. तोवर त्यांनी उठून चटई पसरली, वर गोधडी घातली, उशी ठेवली, आणि दार अर्धं लोटून उन्हाची तिरीप अडवली. परक्याच्या घरी दुपारी निजायची मला सवय नाही. आडवी झाले ती फक्त त्यांचं मन राखायला.

हेमंत मला न्यायला आला तेव्हा ऊन उतरलं होतं. दारात यमुनाबाई बसल्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवून त्याला बाहेरच थांबवलं होतं, असं नंतर तो म्हणाला. मला यातलं काहीच कळलं नाही. मी झोपले होते.